अहवाल कपाटात, शिफारशी कुठे? विमान अपघात तपास ब्युरोला खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री, भारत सरकार
माननीय महासंचालक, विमान अपघात तपास ब्युरो (एएआयबी), नवी दिल्ली

विषय : अपघात तपासाच्या शिफारशींची जाहीर नोंद, तपास यंत्रणेची स्वायत्तता आणि अंतरिम माहितीचा हक्क

महोदय,

मी विमान देखभाल अभियंता म्हणून तेहतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. त्यातली बहुतेक वर्षे मुंबई विमानतळाच्या एप्रनवर, म्हणजे विमाने उभी असतात त्या पटांगणात, तीही रात्रपाळीत गेली. पहाटेचे पहिले उड्डाण सुटण्याआधी टेक लॉगवर, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीवर, जी सही होते ती माझ्यासारख्या कोणाची तरी असते आणि त्या सहीची जबाबदारी निवृत्तीच्या कागदाने संपत नाही, असा माझा अनुभव आहे. १२ जून २०२५ च्या दुपारी टीव्हीवर एअर इंडियाच्या अहमदाबादच्या विमान अपघाताची दृश्ये दिसू लागली, तेव्हा आमच्या घरातले सगळे प्रवाशांविषयी हळहळत होते. मीही हळहळलो, परंतु माझ्या मनात आधी आला तो प्रश्न, ‘हे विमान उड्डाणायोग्य म्हणून शेवटचे रिलीज कोणी केले असेल आणि तो माणूस आत्ता कुठे बसला असेल?’ त्या विमानातले काही कर्मचारी मुंबई, डोंबिवली, बदलापूर आणि पनवेल परिसरातले होते. विमानात २४२ माणसे होती, त्यांतला एक वाचला; वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहाच्या परिसरात जमिनीवरची १९ माणसे गेली.

अहमदाबादच्या कारणांविषयी मी या पत्रात तर्क करणार नाही. ते काम तपास पथकाचे आहे आणि बाकीच्यांनी त्यात लुडबूड करू नये, हे आम्ही लायसन्सधारक मंडळी शिकाऊ असल्यापासून ऐकत आलो आहोत. मला लिहायचे आहे ते तपास कसा होतो, तो कोणाच्या छत्राखाली होतो आणि तपास संपल्यावर त्यातल्या शिफारशींचे काय होते याविषयी.

या महिन्याच्या ७ तारखेला कोझिकोडच्या अपघाताला पाच वर्षे झाली. त्या निमित्ताने मी तो अहवाल पुन्हा एकदा काढला आणि त्याच्या शेजारी मंगळूरचा अहवाल ठेवला. आपल्याला विनंती आहे की, आपल्या कार्यालयातल्या एखाद्या तरुण अधिकाऱ्यालाही हे दोन अहवाल असेच शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगावे.

२२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग ७३७-८०० विमान टेकडीवर बांधलेल्या धावपट्टीच्या टोकावरून खाली कोसळले आणि १५८ माणसे मृत्युमुखी पडली. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने नोंदवले की, ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर विमान सुमारे ५,२०० फूट आत येऊन टेकले. कॅप्टन प्रवासातला मोठा काळ झोपलेले होते आणि उतरताना ते त्या झोपेच्या अमलातून पुरते बाहेर आलेले नव्हते. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर घ्या, असे तीनदा सांगितले. त्याने सांगितले, पण नियंत्रण स्वतःकडे घेतले नाही, कारण सहवैमानिकाला तसा अधिकार नेमका केव्हा आहे याविषयीच्या सूचनाच संदिग्ध होत्या, असा त्या अहवालाचा निष्कर्ष आहे.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, त्याच कंपनीचे, त्याच जातीचे विमान त्याच दुबईहून कोझिकोडला आले. धावपट्टी पुन्हा टेकडीवरची, बाहेर धो धो पाऊस. विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फूट आत टेकले आणि पुढे खाली कोसळून त्याचे तुकडे झाले. १९० पैकी २१ माणसे गेली, त्यांत दोन्ही वैमानिक होते. हवाई दलातून आलेल्या त्या कॅप्टनच्या आईवडिलांचे घर नागपूरचे, त्यामुळे विदर्भात ती बातमी घरातल्यासारखी पोहोचली होती. एएआयबीच्या अंतिम अहवालाने काय म्हटले? स्थिर नसलेला अप्रोच, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणे, तसाच चालू ठेवला गेला, सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटले आणि तरीही त्याने नियंत्रण हाती घेतले नाही.

महोदय, हे वाक्य मी त्या रात्री चार वेळा वाचले. दहा वर्षांत वैमानिक बदलले, गाव बदलले, अहवाल लिहिणारी संस्थाही बदलली; कॉकपिटमधली ती शेवटची काही सेकंदे मात्र तशीच राहिली. मंगळूरच्या अहवालाने जी संदिग्धता दाखवून दिली, ती दूर करण्याची जबाबदारी कोणावर होती? त्याने काय केले, कोणत्या तारखेला केले आणि ते पुरेसे आहे की नाही हे कोणी तपासले? हे मला आजही कुठल्याही एका ठिकाणी वाचायला मिळत नाही. एएआयबीच्या संकेतस्थळावर अहवाल आहेत आणि त्याबद्दल मी आपले आभार मानतो. परंतु अहवालाच्या शेवटच्या पानांवरच्या शिफारशी तिथून पुढे कुठे जातात, हे शोधताना माणूस थकतो.

आपल्याकडे शिफारशी अमलात येतच नाहीत असे मी म्हणणार नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमाने आकाशात एकमेकांवर आदळून ३४९ माणसे गेली. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर विमानांमध्ये टक्कर टाळण्याची यंत्रणा सक्तीची झाली आणि दिल्लीत येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले. आज मुंबई-दिल्ली प्रवास करणारा प्रत्येक माणूस त्या अहवालाची फळे खातो आहे. म्हणजे आपल्याला हे जमते. माझी तक्रार एवढीच आहे की, कोणती शिफारस नियम होणार आणि कोणती कपाटात राहणार, हे आज कोणाला विचारायचे तेच कळत नाही.

इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर ‘शिफारस’ या शब्दाचे हँगरमधले वजन बाहेरच्या माणसाला समजणार नाही. आपला किंवा परदेशी नियामक जेव्हा ‘आदेश’ काढतो, तेव्हा त्याचे वर्क कार्ड तयार होते, त्यावर मुदत असते, आणि मुदत उलटली तर विमान जमिनीवर राहते. तीच गोष्ट ‘सूचना’ म्हणून आली, तर ती तांत्रिक विभागाच्या फाइलमध्ये जाते, कोणीतरी तिच्यावर ‘लागू नाही’ किंवा ‘ऐच्छिक’ असा शेरा मारतो, आणि रात्रपाळीच्या माणसाच्या हातात तिचे कार्ड कधीच येत नाही. इंधन बंद-चालू करणाऱ्या स्विचच्या लॉकविषयी अमेरिकेच्या नियामकाने २०१८ मध्ये काढलेली माहिती-सूचना अशीच होती. अहमदाबादच्या प्रारंभिक अहवालात नमूद आहे की, ती बंधनकारक नसल्याने कंपनीने ती तपासणी केलेली नव्हती. त्या सूचनेचा अपघाताशी संबंध आहे असे अहवाल म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. परंतु १४ जुलै २०२५ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे आपल्या नियामक डीजीसीएने, हीच तपासणी २१ जुलैपर्यंत पूर्ण करा असा आदेश काढला आणि साऱ्या देशातल्या त्या बनावटीच्या विमानांना एक आठवडा पुरला. साडेसहा वर्षे ऐच्छिक असलेले काम आठ दिवसांत होऊ शकते, एवढेच मला यातून आपल्या लक्षात आणून द्यायचे आहे.

आता प्रारंभिक अहवालाविषयी. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ प्रमाणे तीस दिवसांत प्रारंभिक अहवाल यावा लागतो आणि तो तसा आला, ही चांगली गोष्ट झाली. दुपारी १ वाजून ३८ मिनिटे ४२ सेकंदांच्या सुमारास इंधनाचे दोन्ही स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘कट ऑफ’वर (बंद) गेले, दहा सेकंदांनी पहिला पुन्हा ‘रन’वर (चालू) आला, चार सेकंदांनी दुसरा, आणि १ वाजून ३९ मिनिटे ११ सेकंदांना नोंद थांबली. हा हिशेब स्पष्ट शब्दांत दिला गेला. पण त्यानंतर कॉकपिटमधले एक वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगून टाकले गेले. एका वैमानिकाने दुसऱ्याला इंधन का बंद केले असे विचारले आणि दुसऱ्याने आपण तसे केले नसल्याचे सांगितले. कोण कोणाला म्हणाले ते नाही, मूळ शब्द नाहीत, त्याच्या आधीचे आणि नंतरचे काही नाही. हा अहवाल मध्यरात्रीनंतर संकेतस्थळावर चढला आणि सकाळी चहाच्या वेळेपर्यंत दोन मृत माणसांपैकी एकाला गुन्हेगार ठरवण्याचे काम जगभरच्या वाहिन्यांवर सुरू झाले. पाच दिवसांनी एएआयबीने अर्धवट निष्कर्ष काढू नका असे आवाहन केले. ते योग्यच होते. परंतु ज्या अर्धवट वाक्यावरून निष्कर्ष काढले जात होते ते वाक्य आपणच दिलेले होते, हे त्या आवाहनात कुठेही नव्हते.

तपासाचे एकमेव उद्दिष्ट पुढचा अपघात टाळणे हे आहे, दोष वाटून देणे हे नाही, असे परिशिष्ट १३ सांगते आणि आपल्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानांवर हेच छापलेले असते. ते वाक्य खरे राहावे म्हणून नेमके काय करावे लागते, हे मी एका प्रसंगातून शिकलो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची पावसाळी रात्र होती. आमच्या कंपनीच्या एका विमानाच्या इंजिनाचे खालचे झाकण, ज्याला आम्ही काउल म्हणतो, उड्डाणानंतर सैल होऊन फडफडू लागले आणि विमान परत आले. कोणाला खरचटलेही नाही. काउलच्या कड्या इंजिनाच्या पोटाशी, अगदी खाली असतात. त्या नीट बसल्या आहेत की नाही हे उभे राहून दिसत नाही. ओल्या काँक्रीटवर गुडघे टेकून, मान वाकडी करून, टॉर्च दातांत धरून एकेक कडी बोटांनी चाचपावी लागते. त्या रात्री त्या बेवरचा, म्हणजे विमान उभे करायच्या जागेवरचा, दिव्याचा खांब बंद होता आणि पाच विमानांना आम्ही दोघे होतो. कड्या लावल्याची सही माझ्या सहकाऱ्याची होती. चौकशीत मला बोलावले गेले. मी खांबाविषयी सांगितले, पाच विमानांविषयी सांगितले, आणि पहाटे चारच्या सुमारास फोन करून ‘विमान अजून का दिले नाही’ असे विचारणाऱ्यांविषयीही सांगितले. समोरच्यांनी सगळे लिहून घेतले. पुढे मला तोंडी समजले ते एवढेच की, ‘विहित पद्धतीचे पालन झाले नाही’ असा शेरा बसला आणि सहकाऱ्याला निलंबित केले गेले. अहवाल आम्हाला कोणी दाखवला नाही. मी बदली होऊन दुसऱ्या पाळीत गेलो, तेव्हा तो खांब बंदच होता. त्यानंतर आमच्या पाळीतल्या लोकांनी स्वतःच्या चुका स्वतःहून सांगणे जवळजवळ थांबवले. मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतःही थोडा सावध झालो.

म्हणून पद्धतीचे पालन झाले नाही या वाक्यावर कोणताही तपास थांबतो तेव्हा मला तो अर्धाच झालेला वाटतो. कोझिकोडच्या अहवालाने तसे केले नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. कॅप्टनच्या बाजूचा पाऊस पुसणारा वायपर पहिल्या प्रयत्नात बंद पडला होता हे त्यात आहे. त्या तळावर सहवैमानिक २६ आणि कॅप्टन एकच नेमलेला होता आणि दुसऱ्या सकाळच्या उड्डाणासाठी कॅप्टनने कोझिकोडलाच पोहोचणे गरजेचे झाले होते, हेही त्यात आहे. व्यवस्थेतील त्रुटींचे स्थान नाकारता येत नाही, असे त्या पथकाने मान्य केले. असे लिहायला धाडस लागते, विशेषतः तेव्हा ती विमान कंपनी सरकारी मालकीची, विमानतळ आणि हवाई नियंत्रण सरकारी प्राधिकरणाचे, नियामक सरकारी आणि तपास करणाराही सरकारी, आणि हे सगळे एकाच मंत्रालयाच्या इमारतीत वर जाऊन मिळत होते.

कंपनी २०२२ मध्ये विकली गेली. बाकीची मांडणी तशीच आहे. एएआयबी २०१२ मध्ये स्थापन झाला तो तपास डीजीसीएपासून वेगळा व्हावा म्हणून. तो डीजीसीएपासून वेगळा झाला, मंत्रालयापासून नाही. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमातही ही संस्था केंद्र सरकारच्या देखरेखीखालीच आहे. वैमानिकाचा निष्काळजीपणा शोधणे अशा संस्थेला जड जाणार नाही. परंतु उद्या एखाद्या अपघाताचे मूळ नियामकाच्या ढिलाईत, रिकाम्या पदांत किंवा मंत्रालयाच्याच एखाद्या निर्णयात निघाले, तर ते लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचा गोपनीय अहवाल कोण लिहिणार, हा प्रश्न मी कोणाच्याही सचोटीवर शंका न घेता विचारतो. डीजीसीएमधील मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिकामी असल्याचे संसदीय स्थायी समितीने याच महिन्यात नोंदवले आहे, म्हणून हा प्रश्न काल्पनिक नाही.

याचे उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे अपघातांची चौकशी करतात आणि हे आयुक्तालय रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाही. १९४१ मध्ये ते रेल्वे बोर्डापासून मुद्दाम वेगळे काढून टपाल आणि हवाई खात्याकडे दिले गेले आणि आज ते आपल्याच, म्हणजे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. जो गाड्या चालवतो त्याने अपघाताचा तपास करू नये, हे तत्त्व या देशाने स्वातंत्र्यापूर्वीच मान्य केले आणि ते सांभाळण्याचे काम आपल्या मंत्रालयावर सोपवले. महोदय, दुसऱ्याच्या घरासाठी जे तत्त्व आपण ऐंशीहून अधिक वर्षांपासून पाळत आलो आहोत, ते स्वतःच्या घराला लावण्यात अडचण कोणती? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला परिवहन खात्यापासून वेगळे करताना तिथल्या संसदेने हाच विचार केला होता. ते मंडळ आपल्या प्रत्येक शिफारशीला नियामकाने काय उत्तर दिले आणि ते उत्तर मंडळाला पटले की नाही, हे उघडपणे नोंदवून ठेवते. ‘उत्तर असमाधानकारक’ असा शेरा वर्षानुवर्षे एखाद्या खात्याच्या नावापुढे दिसत राहिला की, त्या खात्याला कधीतरी लाज वाटते.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांतल्या पहिल्या चारसाठी नवा कायदा लागणार नाही.

मंगळूरपासून आजपर्यंतच्या प्रत्येक शिफारशीची एक जाहीर नोंदवही एएआयबीने ठेवावी. शिफारस कोणाला केली, त्याने काय उत्तर दिले, कोणत्या तारखेला अंमल झाला, आणि नाकारली असल्यास कोणत्या कारणाने, हे त्यात असावे. शिफारस मिळालेल्या देशाने नव्वद दिवसांत उत्तर द्यावे असे परिशिष्ट १३ म्हणतेच. देशातल्या देशात तीच मुदत डीजीसीए, विमानतळ प्राधिकरण आणि विमान कंपन्यांना लावावी.

अहमदाबादचा अंतिम अहवाल बारा महिन्यांत शक्य नसेल तर उशीर झाला म्हणून मी ओरड करणार नाही, कारण घाईत केलेला तपास कोणाच्याच कामाचा नसतो. परंतु तसे झाल्यास १२ जून २०२६ रोजी अंतरिम निवेदन आलेच पाहिजे आणि त्यात काय तपासून झाले, काय बाकी आहे आणि सुरक्षेचे कोणते प्रश्न पुढे आले हे लिहिलेले असावे. ते इंग्रजीसोबत गुजराती, हिंदी आणि मराठीतही असावे. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना ते वकिलाकडून समजून घ्यावे लागू नये. आणि ते कुटुंबीयांच्या हातात वाहिन्यांच्या आधी पडावे, दिवसाउजेडी.

कॉकपिटमधले संभाषण द्यायचे तर संदर्भासह द्यावे, नाहीतर अंतिम अहवालापर्यंत मुळीच देऊ नये. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ छापून येणाऱ्या बातम्यांची गळती कुठून होते याची चौकशी व्हावी आणि प्रत्येक अहवालावर तपासप्रमुखाची सही असावी. आम्ही एक स्क्रू बदलला तरी सही करतो.

ज्यांनी तपासात जबाब दिला, त्या जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांना अहवालातला संबंधित भाग दाखवला जावा, आणि प्रामाणिक चूक स्वतःहून सांगणाऱ्याला निलंबनापासून संरक्षण असावे. कंपन्यांच्या अंतर्गत चौकश्यांनाही हा नियम लागू करावा, कारण बहुतेक धडे जिथे कोणी मेले नाही अशा रात्रींमध्येच मिळतात.

आणि शेवटची मागणी, जिला कायदा लागेल : एएआयबीला मंत्रालयातून बाहेर काढून संसदेला उत्तरदायी करावे, त्याचे अंदाजपत्रक आणि नेमणुका वेगळ्या असाव्यात. तोपर्यंत निदान त्याचा वार्षिक अहवाल दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवण्याची प्रथा आपण स्वतःहून सुरू करू शकता.

या पत्राचे उत्तर मला वैयक्तिक आले नाही तरी चालेल. ते संकेतस्थळावर टाकावे. मंगळूरच्या अहवालातील शिफारशींपासून नोंदवही सुरू करायची झाल्यास तो अहवाल आणि कोझिकोडचा अहवाल यांतल्या सारख्या मुद्द्यांचा तक्ता मी हाताने तयार केला आहे. तो पत्रासोबत टपालाने पाठवत आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता
विलेपार्ले (पूर्व), मुंबई
ऑगस्ट २०२५